सगळ्यात खालचा ठिपका

"गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं? एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे सतत."

विद्यापीठातली मुलगी दारातल्या स्टुलावर बसून विचारत होती. मी शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशांना बाह्या जोडत होते आणि आतल्या खोलीत हे खोकत होते. यांचा खोकला सुरू झाला की माझा मशीनवरचा पाय आपोआप थांबतो. खोकला संपून दोन श्वास धड आलेले ऐकले की जीव भांड्यात पडतो, मग पुढची शिवण.

"एकटं?" मी म्हटलं. "अगं, तुमच्या कृपेने या गल्लीत कुणाला एकटं राहायची सोय उरलीय का? सकाळी एक येतो, दुपारी दोघी येतात. परवा तर एकजण आमच्या न्हाणीची उंची मोजून गेला."

"मग एक टाकू?"

"टाक बाई. तुझ्या मनाला येईल ते टाक."

तिने टाकलं. पोरगी वाईट नव्हती. यातलं कुणीच वाईट नसतं, तीच तर पंचाईत आहे. वाईट माणूस दाराशी आला तर त्याला हाकलता तरी येतं. ही मंडळी गोड बोलतात, पाणी दिलं तर "थँक्यू काकू" म्हणतात, आपलं सगळं ऐकून घेतात आणि जातात. गेली ती गेली. काय सापडलं ते सांगायला आजवर एकही परत आलेला नाही.

आमची गल्ली विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून आहे. फाटकातून बाहेर पडलं की आधी दगड कापायच्या शेड लागतात, पुढे आमची घरं. इतक्या जवळ इतकी गरिबी त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? सकाळी येऊन जेवायच्या सुट्टीला परत जाता येतं. त्यामुळे ज्याला म्हणून काही शोधायचं असतं तो आमच्याकडे येतो. नळाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, पाणी होतं तसंच गढूळ येतंय. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांनी मनगटाला पट्टे बांधले. एक डासांची जाळी लावून गेला, एक कुत्री मोजून गेला, एकीने मोबाईल दिवसातून किती वेळा बघता ते विचारलं. शेजारच्या म्हातारीकडून तिच्या लहानपणीची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वदवून घेतली, कारण तिच्या बोलण्यात म्हणे जुने शब्द होते. म्हातारी गेली. तिचा आवाज तिकडे कुठल्यातरी कॉम्प्युटरात आहे. लेक बिचारी ऐकायला मागते, तर तिला म्हणतात, वरिष्ठांना विचारून सांगतो. ते अजून विचारतायत.

आणि छपराची गोष्ट तर सांगायलाच हवी. उन्हात घर तापू नये म्हणून काही पत्र्यांना त्यांनी पांढरा रंग दिला. समोरच्या ओळीला दिला, आमच्या ओळीला नाही. मी म्हटलं, बाबांनो, रंग संपला का? तर म्हणाले, नाही काकू, तुमचं घर तुलनेसाठी ठेवलंय. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही तुलनेसाठी भाजून निघतो.

"काकू, उद्या आमच्याकडे या ना," ती मुलगी टॅब मिटवताना म्हणाली. "संशोधन मेळावा आहे. सगळ्या विभागांचं काम मांडणार आहेत. तुमच्या गल्लीवरचंही खूप आहे."

"ती फुंकणीवाली असेल का?"

"कोण?"

"ते श्वास मोजायचं यंत्र घेऊन आली होती ती."

"हो, मॅडमचा स्टॉल आहे की! नक्की या."

तिला वाटलं मला कौतुक आहे.

फुंकणीवाली आली त्याला दोन वर्षं होत आली. शेडमधल्या सगळ्या कापणाऱ्यांना तिने रांगेने बसवलं, नाकाला चिमटा लावला आणि नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, अजून, अजून, शाब्बास!" पोरंटोरं दारात उभी राहून हसत होती. माझे हे तिथे सगळ्यात जुने. स्वयंपाकाच्या ओट्याचे दगड कापण्यात त्यांची हयात गेली. कटर लावला की पांढरी धूळ अशी उडते की समोरचा माणूस दिसत नाही, आणि तोंडाला काय, तर जुन्या कपड्याचं फडकं. तेही मीच शिवून दिलेलं. त्यांच्यानंतर त्यांचा धाकटा भाऊ फुंकायला बसला. दोघांनाही "थँक्यू" मिळालं आणि विद्यापीठाचं नाव छापलेली एकेक बाटली मिळाली.

पुढे यांना जिना चढताना दम लागायला लागला. मी म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हणाले, "एवढ्या मोठ्या मशीनने तपासलंय मला. काही असतं तर ते लोक बोलले नसते का?"

आता यावर काय बोलणार? मलाही ते पटलं. सगळ्या गल्लीलाच पटलं होतं. नाकाला चिमटा लावून, नळीत फुंकायला लावून, पडद्यावर आकडे बघून बाई काही बोलली नाही, म्हणजे काही नाही. आपल्याकडे कुणी तपासलं आणि गप्प बसलं तर त्याचा दुसरा काय अर्थ निघतो? खोकला आला की शेडमधले एकमेकांना म्हणायचे, धूळ आहे, जाईल, आपली तपासणी झालीय. असं करत करत यांना एक दिवस दगडाची लादी उचलता उचलता भोवळ आली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीचा फोटो दिव्याला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

काय करत होतो! तपासलेले होतो आम्ही.

त्या दिवसापासून हे खाटेवर आहेत. दोन्ही हात खाटेच्या कडेला दाबून, खांदे उचलून बसतात तेव्हा कुठे श्वास आत जातो. आता त्यांचं काही परत येणार नाही हे डॉक्टरने सांगितलंय, आम्हा दोघांना ते ठाऊक आहे. मला घोर लागलाय तो भावोजींचा. त्यांनाही खोकला धरलाय. तोच, कोरडा, पोटातून येणारा. त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, रोज माझ्याकडे येऊन डोळ्यांत पाणी आणते.

ती टॅबवाली मुलगी येऊन गेली त्याच संध्याकाळी भावोजी भावाजवळ बसायला आले, तेव्हा मी पुन्हा विषय काढला.

"भावोजी, एकदा छातीचा फोटो काढून या. मी हात जोडते."

"वहिनी, तुम्ही उगाच काळजी करता. माझं मशीनने बघितलंय."

"तुमच्या दादाचंही बघितलं होतं."

"मग दादाला नंतर झालं असणार," ते म्हणाले. वकिलालाही सुचणार नाही इतक्या सहज.

"बरोबर बोलतोय तो," हे आतून म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं. "शिकलेली माणसं आहेत ती. काही असतं तर... बोलले असते."

मी कपाळावर हात मारला. या माणसाने शरीरातलं सगळं सोडलं, हे एक वाक्य सोडलं नाही. आणि का सोडत नाहीत तेही मला कळतं. ते वाक्य सोडलं तर मग उरतं काय? बायको पाया पडत होती आणि आपण गेलो नाही, एवढंच उरतं. म्हणून मी त्यांच्याशी त्यावर कधी भांडले नाही. पण भावोजींना असं डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं नव्हतं. मी ठरवलं, उद्या मेळाव्यात जायचं आणि फुंकणीवालीकडून भावोजींचा आकडा घेऊन यायचा. मशीनवर एवढा विश्वास आहे ना, मग मशीनलाच बोलायला लावते.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीला घेऊन मी निघाले. विद्यापीठाच्या मोठ्या हॉलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टॉल होते. कुठे दुरून चालणारी गाडी, कुठे काचेत वाढवलेलं गवत, कुठे जुन्या नाण्यांवरची माती, कुठे बायका निर्णय कसे घेतात त्याचा नकाशा. एकाने मुंग्या वाट कशी शोधतात ते पडद्यावर दाखवलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. राग डोक्यात असूनही मी तिथे थांबले. माणसाने मुंग्यांकडे इतकं निरखून बघावं ही चांगलीच गोष्ट आहे.

मग धाकटीने माझं कोपर ओढलं. "ताई, हे बघा. आपलं दार!"

खरंच आमचं दार होतं. माझा चेहरा तेवढा पुसलेला. खाली लिहिलं होतं, 'वस्ती क'. मग दिसायलाच लागलं, सगळीकडे वस्ती क. पाण्याच्या तक्त्यात वस्ती क, डासांत वस्ती क, कुत्र्यांत वस्ती क. एका भिंतीवर शिलाई मशीनवर वाकलेल्या बाईची पाठ होती, पाठीवर चिकट ठिपके लावलेले. कपडा मी शिवलेला होता, तेव्हा पाठही माझीच असणार. छपरांच्या स्टॉलवरच्या तरुणाने आम्हाला उत्साहाने समजावलं की पांढऱ्या छपराखाली केवढं थंड राहतं, आणि तक्त्यातला हा उंच लाल खांब म्हणजे बिनरंगाची घरं.

"त्यातच राहतो आम्ही," मी म्हटलं. "लाल खांबात."

"अरे वा!" तो म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

फुंकणीवाली हॉलच्या कोपऱ्यात होती. दोन वर्षांत तिचे केस बरेच पिकले होते. तिने मला ओळखलं नाही आणि त्याचा मला राग आला नाही, किती दारं फिरली असेल. तिच्यामागच्या फलकावर एक आडवी, एक उभी रेघ आणि त्यात पुष्कळ ठिपके होते. वरचे काळे, खालचे लाल. लाल जवळजवळ अर्धे.

"मॅडम, हा एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस का?" मी विचारलं.

"हो. इकडे काम किती वर्षं केलं ते, आणि इकडे श्वासाची ताकद. ठिपका जितका खाली, तितकं फुप्फुस खराब झालेलं."

सगळ्यात खाली, सगळ्यांपासून सुटा, एक ठिपका होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. हे असतील. नसतीलही.

"मॅडम, मी मागच्या गल्लीतली. दगड कापणाऱ्याची बायको. ही माझी जाऊ. दोघींचे नवरे तुमच्या नळीत फुंकलेत. माझा खाटेवर आहे, त्याचं राहू द्या. हिच्या नवऱ्याचा ठिपका कुठला ते सांगा, आम्ही लगेच जातो."

तिचा चेहरा उतरला. तिने मांडलेली पत्रकं उगीच सारखी केली. "मला नाही सांगता येणार."

"का?"

"कारण मलाच माहीत नाही. कुठला ठिपका कुणाचा हे जोडणारी माहिती आम्ही पुसून टाकतो. तसा नियम आहे. तुमच्याच संरक्षणासाठी."

"कुणापासून संरक्षण?"

"शेडच्या मालकांपासून. कोण आजारी आहे हे त्यांना कळलं तर त्याच दिवशी कामावरून काढतील ना."

मला तिथेच जास्त राग आला, कारण बाई बोलत होती ते खरं होतं. मालकाने खरंच काढलं असतं. खोट्या माणसावर ओरडता येतं. खरं बोलणाऱ्यावर ओरडायचं तर आधी आपल्या रागाला धार लावून घ्यावी लागते.

"बरं," मी म्हटलं. "आत्ता माहीत नाही. त्या दिवशी? यंत्राच्या पडद्यावर आकडा दिसत होता की नाही?"

"दिसत होता."

"माणूस समोर होता, आकडा समोर होता."

"हो."

"मग तोंड का नाही उघडलं?"

"मी उपचार करणारी डॉक्टर नाही हो. निदान सांगायचा मला अधिकार नाही. कुणाला वैयक्तिक निकाल मिळणार नाही, असं सहीच्या कागदावर लिहिलंही होतं. आणि मध्येच सांगायला लागलं असतं तर पुढचे लोक..." ती थांबली.

"अभ्यास बिघडला असता," मी म्हटलं.

आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले होते. धाकटी माझा हात घट्ट धरून उभी होती.

"आम्ही शिफारस केली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "दगड कापताना धूळ बसावी म्हणून पाणी मारायची सक्ती व्हावी, अशी. लेख गेल्याच महिन्यात स्वीकारला गेला. यातून फायदा होणार आहे, सगळीकडच्या कामगारांना. आणि खरं सांगू? आम्हाला वाटलं, ज्यांना त्रास होत असेल ते दवाखान्यात जातीलच."

"आणि आम्हाला वाटलं, काही असेल तर तुम्ही सांगालच."

हे मी ओरडून बोलले नाही. ओरडायचं ठरवून आले होते, घसाही तयार होता, पण हे वाक्य साधंच बाहेर पडलं. ती खुर्चीवर बसली. तिचे डोळे भरून आले, आणि देवाशपथ सांगते, मला त्या पाण्याची चीड आली. रडायचा पहिला मान आमचा होता.

"एक करा," मी म्हटलं. "आत्ता गल्लीत चला. शेडसमोर उभ्या राहा आणि एवढंच सांगा, की आम्ही गप्प बसलो याचा अर्थ तुम्ही बरे आहात असा नव्हता, सगळे दवाखान्यात जा. नाव नको, ठिपका नको. तुम्ही बोललात तर ऐकतील."

"त्यासाठी समितीची परवानगी लागेल. पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी नक्की मांडते. खरंच मांडते."

"मांडा," मी म्हटलं. "मांडायला तुम्ही हुशार आहात."

आम्ही निघालो. दाराजवळ शेवटचा स्टॉल एका चष्मेवाल्या तरुणाचा होता. त्यालाही मी ओळखलं. लोकांचा कुणावर किती विश्वास आहे ते विचारत फिरायचा. पोलिसांवर किती, पुढाऱ्यांवर किती, शेजाऱ्यांवर किती. त्याच्या फलकावर उभे खांब होते आणि त्यातला सगळ्यात उंच कुणाचा असेल? विद्यापीठाचा. वस्ती क मधल्या लोकांचा विद्यापीठावरचा विश्वास सगळ्या वस्त्यांत जास्त, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी तिथे उभी राहून ते दोनदा वाचलं. त्या पोराला वाटलं काकूंना आवडलं. त्याने पत्रक दिलं, मी घेतलं नाही.

बाहेर आल्यावर धाकटीने रस्त्यातच रडायला सुरुवात केली. "आता काय करायचं ताई? हे नाही जायचे. आता तर काही केल्या नाही जायचे."

मी तिचा हात धरून चालत राहिले. या विद्यापीठवाल्यांना सगळं कळतं. मुंगी कुठून वळते ते कळतं, छप्पर किती तापतं ते कळतं, आमचा भरवसा कुणावर किती तेही मोजून झालंय. फक्त माणूस मरायला लागलाय हे कळल्यावर त्याला हाक मारायची नसते. का, तर ते नियमात नाही. आणि आमचे नवरे एवढे शहाणे, की बायको बोलली तर माशी हाकलावी तसा हात हलवतात आणि मशीन गप्प बसलं तर त्याचाही मान ठेवतात.

मागच्या फाटकातून बाहेर पडलो तर पहिल्याच शेडमध्ये कटर चालू होता. पांढऱ्या धुळीतून एकजण बाहेर आला, फडकं खाली ओढून खोकला आणि मला बघून म्हणाला, "काय वहिनी, मेळा बघून आलात? आम्ही चमकलो का कुठे?"

"चमकलात," मी म्हटलं. "तुमच्या श्वासाचा ठिपका दाखवला त्यांनी मला."

"माझा?"

"हो. सगळ्यात खाली आहे. लाल. मॅडम म्हणाल्या, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायला सांगा."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मॅडम म्हणाल्या?"

"मशीनच म्हणालं. मॅडमनी नुसतं वाचून दाखवलं."

त्याने आत जाऊन कटर बंद केला. धाकटी रडायची थांबली होती. चार पावलं पुढे गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, हे काय बोललात तुम्ही? खोटं?"

"खोटं. म्हणून तर कुठल्या समितीची परवानगी लागली नाही."

पुढच्या शेडमध्ये मी दुसऱ्याला तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याला तेच. प्रत्येकाचा ठिपका सगळ्यात खाली होता. उद्या हे एकमेकांना विचारतील आणि मला शिव्या घालतील. घालू देत. तोवर दवाखान्याच्या रांगेत तरी उभे असतील. एकजण मात्र हुज्जत घालायला लागला, म्हणाला मला तर काहीच होत नाही. मी म्हटलं, मग जाऊन तसं लिहून आणा आणि माझ्या तोंडावर फेका, मी पेढे वाटते. तो जातो म्हणाला.

घरी आलो तेव्हा भावोजी यांच्या उशाशी बसले होते. दोघा भावांचं बोलणं असं काही नसतं. एक श्वास घेत असतो आणि दुसरा ते ऐकत असतो.

"भेटली का मॅडम?" भावोजींनी विचारलं.

"भेटली. भावोजी, तुमचा ठिपका दाखवला तिने."

"कुठे होता?"

"सगळ्यात खाली."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग बायकोकडे. धाकटीने मान हलवली. भाजीवाल्याने चुकून एक जुडी जास्त दिली तर परत करायला धावणारी बाई ती. पण मान अशी हलवली की मलाच क्षणभर खरं वाटलं.

"मशीनमध्ये असं आलं?"

"मशीनमध्ये असं आलं. तेव्हाच. सांगायचं राहून गेलं म्हणाली. आजच जाऊन फोटो काढा म्हणाली."

इतके महिने माझे शब्द या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारा माणूस मशीनचं नाव निघताच दादाच्या खाटेकडे बघायला लागला. मला दया आली आणि रागही आला. मग ते उठले, खुंटीवरचा शर्ट घातला. "उद्या सकाळी जातो."

"उद्या नाही. आत्ता."

"जा," हे खाटेवरून म्हणाले. "रांग असते. पाणी... घेऊन जा बरोबर."

धाकटीने बाटली भरून घेतली आणि ती दोघं गेली. त्यांच्या पायांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला. भावोजी वाटेत एकदा खोकले. आता त्यांचं जे काही असेल ते असेल, निदान कुणीतरी दिव्याला लावून बघेल. मला बसावंसं वाटलं. मी यांच्या पायाशी बसले.

खोकल्याची एक उबळ ओसरल्यावर हे म्हणाले, "आणि माझा?"

मी सगळ्या गल्लीसाठी तयारी करून आले होते. यांच्यासाठी केली नव्हती. हे विचारतील असं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण विचारून आता करायचं काय होतं?

"माझा ठिपका गं. कुठे होता?"

खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं. त्या दिवशीच आकडा दिसत होता हो. तुम्ही समोर होतात, आकडा समोर होता, आणि बाईने तुम्हाला शाब्बास म्हणून बाटली दिली. ते ऐकून घेण्याचा हक्क या जगात कुणाला असेल तर याच माणसाला होता. हे दोन्ही हात खाटेच्या कडेला दाबून बसले होते. खांदे वर, मान पुढे, आणि माझ्याकडे बघत होते.

"वर," मी म्हटलं.

"वर?"

"बराच वर होता. काळ्यांमध्ये. चांगल्यांमध्ये."

त्यांनी एक श्वास घेतला, मग दुसरा.

"म्हणजे तेव्हा नव्हतं काही."

"नव्हतं."

"नंतर झालं."

"नंतर झालं."

त्यांचे खांदे जरा खाली आले. "बघ," ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही म्हणत होतात." आणि त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली.